कारकून, वरिष्ठ आणि भूत

नेतृत्वाचे प्रकार किती व त्यांतला कोणता चांगला, ह्याची चर्चा आजकाल फार होते. उद्योगधंद्यांचें शास्त्र शिकविणाऱ्या संस्थांतून तर हा एक स्वतंत्र विषयच होऊन बसला आहे. हुकमत गाजविणारा वरिष्ठ, सल्लामसलतीनें चालणारा वरिष्ठ, हाताखालच्यांना मोकळें सोडणारा वरिष्ठ, पित्याप्रमाणें सांभाळणारा वरिष्ठ, अशीं निरनिराळीं नांवें देऊन त्यांचे गुणदोष कोष्टकांत मांडलेले असतात. ह्या कोष्टकांचा उपयोग नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तीं वाचतांना एक गोष्ट सारखी जाणवते. तीं बहुतेक सर्व वरिष्ठाच्या खुर्चींतून लिहिलेलीं असतात. 'मीं कोणती रीत पत्करावी?' असा प्रश्न वरिष्ठानें विचारावयाचा आणि शास्त्रानें त्याला उत्तर द्यावयाचें. टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ह्या संभाषणांत जागा नसते.

साहित्यानें हेंच काम फार पूर्वीं, आणि टेबलाच्या त्या दुसऱ्या बाजूस उभें राहून केलें आहे. निकोलाय गोगोल ह्याची 'ओव्हरकोट' ही रशियन कथा १८४२ सालीं प्रसिद्ध झाली. चार्ल्स डिकन्सची 'ए ख्रिसमस कॅरल' १८४३ च्या डिसेंबरांत. आणि हर्मन मेलव्हिल ह्या अमेरिकन लेखकाची 'बार्टलबी' १८५३ सालीं. अकरा वर्षांच्या अवधींत, सेंट पीटर्सबर्ग, लंडन व न्यू यॉर्क ह्या एकमेकांपासून दूर असलेल्या तीन शहरांविषयीं लिहितांना तीन मोठ्या लेखकांनीं कारकून व त्याचा वरिष्ठ हाच विषय घ्यावा, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. सरकारी खातीं, पेढ्या व वकिलांच्या कचेऱ्या वाढत होत्या; दिवसभर दुसऱ्याचें लिखाण उतरून काढून पोट भरणारा एक वर्ग शहरांतून उभा राहिला होता. ह्या लेखकांना तें जीवन नुसतें ऐकून ठाऊक नव्हतें. गोगोलनें तरुणपणीं सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी खात्यांत नोकरी केली होती. डिकन्स पंधराव्या वर्षीं एका वकिलाच्या कचेरींत कारकून म्हणून लागला होता. आणि मेलव्हिलला वडील वारल्यावर लहान वयांतच बँकेत कारकुनी करावी लागली होती.

ह्या तीन कथा शेजारीं शेजारीं ठेवून वाचल्या म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसते. पहिल्या दोहोंत वरिष्ठाला सुधारण्याकरितां भूत यावें लागतें. तिसरींत खरें भूत नाहीं. पण तींतला कारकूनच जिवंतपणीं भुतासारखा वावरतो. कचेरीच्या रोजच्या जीवनाचें इतक्या बारकाईनें चित्रण करणाऱ्या लेखकांना भुताची गरज कां भासावी? ह्या प्रश्नाचा शोध घेतां घेतां नेतृत्वासंबंधीं कोष्टकांत न सांपडणारें कांहींतरी हातीं लागतें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम गोगोलची कथा पाहूं. अकाकी अकाकियेविच हा सरकारी खात्यांतला नकला उतरणारा कारकून. वर्षाला ४०० रुबल पगार, आणि अक्षरें वळणदार काढण्यांतच त्याचा सारा आनंद. ह्या कथेंतील निर्दय वरिष्ठाची आठवण सर्वांस राहते. पण तींत एक दयाळू वरिष्ठहि आहे, त्याच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. इतकीं वर्षें इमानें काम करणाऱ्या माणसाला कांहीं बक्षीस मिळावें म्हणून हा खातेप्रमुख त्याला जरा वरचें काम देतो. तयार कागदाचें शीर्षक बदलावयाचें आणि कांहीं क्रियापदें प्रथमपुरुषीं होतीं तीं तृतीयपुरुषीं करावयाचीं, एवढेंच काम. अकाकीला दरदरून घाम फुटतो आणि मला नक्कलच करूं द्या अशी तो विनवणी करतो. त्यानंतर तो जन्मभर नकलाच उतरीत राहतो.

आजच्या शास्त्रांत हा अधिकारी 'प्रोत्साहन देणारा' ठरला असता. त्याचा हेतु चांगलाच होता. पण ह्या माणसाला काय येतें, काय शिकवावें लागेल, त्याला कशाचें भय वाटतें, हें त्यानें विचारलें नाहीं. बक्षीस वरून आलें, तें पेललें नाहीं, आणि प्रकरण तेथेंच मिटलें. गोगोल ह्याबद्दल टीका करीत नाहीं. एका परिच्छेदांत सांगून पुढें जातो. परंतु पुढें जें अरिष्ट येणार आहे त्याची पहिली खूण येथेंच आहे. वरिष्ठ रागीट असो वा प्रेमळ असो, अकाकीशीं कोणी बोलतच नाहीं.

मग तो प्रसिद्ध कोट. जुना कोट विरून गेलेला, शिंपी तो शिवावयास तयार नाहीं, नव्याचे ८० रुबल. निम्मे पैसे अकाकीनें पूर्वींपासून थोडेथोडे करून सांठविलेले असतात. बाकीच्यांसाठीं तो महिनेच्या महिने संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावीत नाहीं. अनपेक्षितपणें मोठ्या मिळालेल्या बक्षिसाचीहि त्यांत भर पडते. कोट अंगावर येतो आणि त्याच रात्रीं चोर तो हिसकावून नेतात. पोलिसांकडे दाद लागत नाहीं म्हणून कोणीतरी त्याला एका 'महत्त्वाच्या व्यक्ती'कडे जावयास सांगतें.

ह्या व्यक्तीला गोगोलनें नांव दिलेलें नाहीं, आणि त्यांतच त्याचें मर्म आहे. हा मनुष्य नुकताच वरच्या हुद्यावर चढला आहे. कडकपणा हें त्याचें एकमेव धोरण. हाताखालच्या लोकांशीं त्याचें सारें बोलणें तीन प्रश्नांत संपतें, आणि तिन्ही प्रश्नांचा अर्थ एकच : मी कोण आहें हें तुला ठाऊक आहे काय? पण गोगोल आपल्याला सांगतो कीं हा मनांतून वाईट मनुष्य नव्हे. बरोबरीच्या लोकांत तो सभ्य आहे, मित्रांच्या उपयोगी पडणारा आहे. मात्र त्याच्याहून एका पायरीनेंहि खालचा असा कोणी मंडळींत आला कीं त्याची वाचा बसते. त्याला बोलावेंसें वाटतें, मिसळावेंसें वाटतें. पण तसें केल्यानें आपला मान तर जाणार नाहीं ना, ह्या शंकेनें तो गप्प राहतो. हुकमत हा त्याचा स्वभाव नव्हे. नव्या खुर्चीवर बसून दुसरें काय करावें हें त्याला कळत नाहीं, म्हणून तो हुकमत करतो. कोष्टकांतला 'हुकूमशहा' हा येथें भेदरलेला मनुष्य ठरतो. आमच्या मतें नेतृत्वाविषयीं इतकी खोल ओळख एकोणिसाव्या शतकाच्या वाङ्मयांत क्वचितच आढळेल.

अकाकी भेटीस येतो तेव्हां ह्या बड्या साहेबाजवळ बालपणचा एक मित्र बसलेला असतो. दोघांचें बोलणें केव्हांच संपलेलें आहे. तरीहि अकाकीला बाहेर ताटकळत ठेवलें जातें, कारण आपल्याकडे लोक किती वेळ वाट पाहतात हें मित्राला दिसावें. मग अर्ज कोणत्या पायरीनें यावयास हवा होता ह्याचा पाढा : आधीं कचेरींत, मग टेबलावरच्या मुख्याकडे, मग शाखेच्या प्रमुखाकडे, मग चिटणिसाकडे, आणि चिटणिसाकडून माझ्याकडे. आपल्याकडील कोणत्याहि कचेरीच्या पायऱ्या झिजविलेल्या वाचकाला हा पाढा परका वाटणार नाहीं. अकाकी सारें धैर्य एकवटून एवढेंच म्हणतो कीं चिटणीस लोकांचा भरंवसा धरवत नाहीं. जन्मांत प्रथमच त्यानें वरिष्ठाला खरी माहिती सांगितली. तिचें उत्तर म्हणून पाय आपटला जातो, आवाज चढतो, आणि अकाकीला उचलूनच बाहेर न्यावें लागतें. साहेब डोळ्याच्या कोपऱ्यांतून मित्राकडे पाहतो, तों मित्रहि घाबरलेला. साहेबाला समाधान वाटतें.

अकाकी तापानें मरतो. त्याचें भूत शहरांत लोकांचे कोट ओढूं लागतें आणि अखेर बड्या साहेबाचाहि कोट नेतें. त्यानंतर साहेबांत काय फरक पडला? तो पूर्वींपेक्षां कमी ओरडूं लागला. आणि ओरडलाच तर समोरच्याचें काय म्हणणें आहे तें आधीं ऐकून घेऊं लागला. गोगोल हें एका वाक्यांत सांगतो, आणि तें वाक्य हसत हसत वाचून आपण पुढें जातों. पण थांबून पाहावें. आधीं ऐकणें, मग रागावणें : एवढ्या लहान सुधारणेसाठीं एका माणसाला मरावें लागलें, आणि मेल्यावर परत यावें लागलें.

डिकन्सची कथा आपल्या वाचकांस अधिक परिचित आहे. तिच्याविषयीं थोडक्यांत लिहितां येईल. स्क्रूजच्या पेढीवर बॉब क्रॅचिट आठवड्याला १५ शिलिंगांवर काम करतो. त्याच्या कोंदट खोलींत शेगडीला एकच निखारा. कोळशाचा डबा मालकाच्या खोलींत, आणि कारकुनावर नजर राहावी म्हणून मालकाचें दार सदा उघडें. उघड्या दारांतून शब्दांऐवजीं पाळत चालावी, हें एकच चित्र एका ग्रंथाचें काम करतें. स्क्रूजचा पुतण्या नाताळची तरफदारी करतो तेव्हां बॉबच्या हातून नकळत टाळ्या वाजतात. लगेच भानावर येऊन तो शेगडी ढवळूं लागतो आणि उरलासुरला निखाराहि विझवून टाकतो. मनांतलें एकदां बाहेर पडलें, त्याची ही किंमत.

ह्याच्या उलट बाजूस डिकन्सनें फेझिविग हा स्क्रूजच्या उमेदवारीच्या काळांतला मालक उभा केला आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळीं तो काम थांबवितो, वखार झाडून दिवे लावतो आणि उमेदवारांपासून शेजारच्या मोलकरणीपर्यंत सर्वांना नाचावयास बोलावतो. भूत मुद्दाम म्हणतें कीं ह्याला खर्च तो कितीसा आला? तीनचार पौंड! तेव्हां स्क्रूज आवेशानें सांगतो कीं आमचें काम हलकें करणें वा जड करणें हें त्याच्या हातीं होतें. त्याची सत्ता शब्दांत व नजरेंत होती, आणि तिची बेरीज करतां येत नाहीं. आंकड्यांखेरीज कांहीं न मानणाऱ्या माणसाच्या तोंडीं डिकन्सनें हें घालावें, ही मोठी कुशलता होय. त्याच क्षणीं स्क्रूजला आपल्या कारकुनाशीं दोन शब्द बोलावेसे वाटतात.

येथपर्यंत डिकन्स निर्दोष आहे. पुढें मात्र त्याच्या औदार्यानें त्याला फसविलें, असें नम्रपणें म्हणावेंसें वाटतें. स्क्रूज सुधारतो, पगार वाढवितो, नवा कोळशाचा डबा आणावयास सांगतो; आपले डोळे भरून येतात. पण क्रॅचिटच्या हातीं काय आलें? काल मालकाच्या लहरीवर त्याची थंडी अवलंबून होती, आज त्याच लहरीवर ऊब अवलंबून आहे. शेवटच्या प्रसंगांतहि तो साडेअठरा मिनिटें उशिरां आला म्हणून थरथर कांपत असतो. मालकाला वेड लागलें असावें असें वाटून मदतीला लोकांना हांक मारण्याचा विचार त्याच्या मनांत येतो. बदललें आहे तें मालकाचें मन. दोघांमधलें नातें होतें तेथेंच आहे. फेझिविगचीहि गोष्ट तीच. तो नाच देतो, पण त्याच्या वखारींत कोणी उमेदवार त्याला 'हें असें नको' म्हणाला असता तर काय झालें असतें, हें आपल्याला कळत नाहीं. प्रेमळ मालकाची परीक्षा त्याच्या मेजवानींत होत नाहीं, ती ह्या प्रश्नांत होते.

नेमका हाच प्रश्न मेलव्हिलनें विचारला, आणि म्हणून तिघांत त्याची कथा आम्हांस सर्वांत कठीण व सर्वांत खरी वाटते. वॉल स्ट्रीटवरच्या एका वृद्ध वकिलानें ती सांगितली आहे. साहित्य नेहमीं कारकुनाचीच बाजू घेतें, ही तक्रार येथें करतां येणार नाहीं. कारण सारी हकीगत वरिष्ठाच्याच तोंडून आहे. हा वकील समजूतदार आहे. त्याच्याकडचा एक नकलनवीस दुपारपर्यंत उत्तम काम करतो आणि जेवणानंतर कागदांवर शाईचे डाग पाडतो. दुसरा सकाळीं चिडचिड करतो आणि दुपारीं शांत होतो. वकील दोघांनाहि सांभाळून घेतो, कारण एकाचा झटका ओसरतो तेव्हां दुसऱ्याचा सुरू होतो आणि काम चालू राहतें. माणसांच्या उणिवांशीं जमवून घेणारें हें व्यवहारी नेतृत्व होय, आणि तें बरेंच चालतें.

मग बार्टलबी येतो. वकील त्याला आपल्याच खोलींत बसवितो; पण मध्यें एक हिरवा पडदा लावतो, म्हणजे हांक मारतां यावी आणि तोंड दिसूं नये. खिडकीसमोर तीन फुटांवर भिंत. तिसऱ्या दिवशीं एक नक्कल ताडून पाहावयाची असते. वकील मान वर न करतां कागद धरलेला हात नुसता बाजूला करतो. बार्टलबीनें झटकन येऊन तो घ्यावा, ही अपेक्षा. पडद्यामागून शांत, सभ्य स्वरांत उत्तर येतें कीं तें आपल्याला न करणें बरें वाटतें. बंड नाहीं, आरडाओरड नाहीं, कारणहि नाहीं. वकिलाजवळच्या सगळ्या रीती ह्या एका उत्तरापुढें निकामी होतात.

तो त्या सर्व वापरून पाहतो, आणि कथेचें शास्त्रीय मोल येथेंच आहे. प्रथम हुकूम. मग युक्तिवाद. मग इतर कारकुनांस विचारणें : तुमचें काय मत? ही सल्लामसलत दिसायला लोकशाहीची आहे, पण प्रश्न असा टाकलेला असतो कीं उत्तरांत वकिलाला दुजोराच मिळावा. पुढें दयेपोटीं दुर्लक्ष. मग पैसे देऊन निरोप. आणि कांहींच साधत नाहीं तेव्हां तो कारकुनाला काढण्याऐवजीं स्वतःची कचेरीच दुसरीकडे हलवितो! निर्णय टाळण्याचा ह्याहून विनोदी आणि ह्याहून लाजिरवाणा प्रकार वाङ्मयांत आमच्या पाहण्यांत नाहीं. बार्टलबी त्या इमारतींतच राहतो, भुतासारखा जिन्यावर वावरतो, भटक्या म्हणून तुरुंगांत जातो, आणि तेथें अन्न न घेतां भिंतीशीं पाय पोटाशीं घेऊन मरतो.

वकील त्याला अखेरीस आपल्या घरीं चलण्यासहि विनवितो, हें न विसरतां सांगितलें पाहिजे. तो दुष्ट नव्हता, आणि त्यानें विचारलें नाहीं असेंहि नाहीं. बार्टलबीच बोलला नाहीं. कांहीं मौनें अशीं असतात कीं कोणत्याहि वरिष्ठाच्या कुशलतेनें तीं फुटत नाहींत. तरी आमच्या मनांतून तो हिरवा पडदा जात नाहीं. ज्याचें तोंड पाहावयाचें नाहीं अशी व्यवस्था पहिल्या दिवशीं केली, त्याला दुःख काय आहे हें शेवटच्या दिवशीं विचारून उपयोग काय?

ह्या कथांच्या पुढें जवळजवळ शंभर वर्षांनीं, १९३९ सालीं, कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट ह्यांनीं अमेरिकेंत आयोवा विद्यापीठांत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लेविन हा ज्यू. हिटलरच्या हातीं सत्ता गेल्यावर १९३३ सालीं त्यानें जर्मनी सोडली होती, तेव्हां हा प्रश्न त्याला केवळ पुस्तकी नव्हता. दहाएक वर्षांच्या मुलांचे लहान गट करून त्यांवर एकेक प्रौढ नायक नेमला. कोठें नायक हुकूम सोडी, कोठें चर्चेनें ठरवी, कोठें मुलांना मोकळें सोडून देई. आणि एकाच नायकाकडून आळीपाळीनें निरनिराळ्या रीती करवून घेतल्या जात. हुकमाखालचे गट कांहीं भांडखोर झाले, कांहीं निर्जीव. आणि नायक खोलीबाहेर गेला कीं त्यांचें काम मंदावे. चर्चेच्या गटांत तें बरेचसें चालू राही. मोकळ्या सोडलेल्या गटांत काम थोडें आणि कच्चें होई. आजचीं पुष्कळशीं कोष्टकें ह्या प्रयोगाचींच नातवंडें आहेत.

गोगोलनें जें पाहिलें होतें त्याला ह्या प्रयोगानें बळकटी आणली : रीत ही माणसाच्या रक्तांत नसते, जागेबरोबर बदलते. परंतु प्रयोगांत जें येऊं शकत नव्हतें तें कथांत आहे. तीं मुलें क्लब संपला कीं घरीं जात. क्लबवर त्यांचें पोट नव्हतें. क्रॅचिटच्या १५ शिलिंगांवर आठ माणसें जगत होतीं. ज्याचा पगार वरिष्ठाच्या हातीं आहे, त्याचा होकार किती खरा समजावा? चर्चेला बसलेला कारकून मान डोलावतो तेव्हां तो पटलें म्हणून डोलावतो, कीं घरीं मुलें आहेत म्हणून? पगारावर संसार चालविणाऱ्या प्रत्येक घराला ह्या प्रश्नाचें उत्तर ठाऊक आहे. संध्याकाळीं घरचा कर्ता माणूस दारांत येऊन न बोलतां चपला काढतो, तेव्हां दिवसभर जे शब्द बोलतां आले नाहींत तेच त्याच्याबरोबर घरांत शिरतात.

आतां भुताच्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल. वरिष्ठापर्यंत कारकुनाचा शब्द पोहोंचविण्याची सोय ह्या कचेऱ्यांत नव्हती. बड्या साहेबाकडे जाण्यास पांच पायऱ्या होत्या, स्क्रूजकडे नुसती पाळत होती, वकिलाकडे पडदा होता. जिवंत माणसाला जें सांगतां येत नाहीं तें सांगावयास लेखकांनीं मेलेलीं माणसें आणलीं. भुताला नोकरी जाण्याचें भय नसतें, हा त्याचा मोठाच गुण! तेव्हां नेतृत्वाची कसोटी, ह्या कथांवरून पाहतां, रागावणें वा हसणें ही नसून एवढीच आहे : हाताखालचा जिवंत माणूस आपल्याला अप्रिय गोष्ट सांगून दुसऱ्या दिवशीं निर्धास्तपणें कामावर येऊं शकतो काय? येऊं शकत असेल तर वरिष्ठ कडक असला तरी चालेल. नसेल तर त्याचा प्रेमळपणा फेझिविगच्या दिव्यांसारखा, एका रात्रीपुरता.

मेलव्हिलच्या कथेच्या शेवटीं वकील एक ऐकीव गोष्ट सांगतो. बार्टलबी पूर्वीं वॉशिंग्टन येथें टपालखात्याच्या अशा शाखेंत होता म्हणे, जेथें मालक न सांपडलेलीं पत्रें जमा होतात आणि जाळलीं जातात. कोणाला तरी लिहिलेलीं, कोणालाहि न पोहोंचलेलीं. नेतृत्वाच्या प्रकारांचीं पुस्तकें अवश्य वाचावींत. पण तीं वाचून मिटल्यावर प्रत्येक वरिष्ठानें आपल्या कचेरींतल्या त्या जागेवर एकदां बसून पाहावें, जेथें अशीं पत्रें सांठत असतील.